मातीच्या खात्यातले कर्णे

चर्चची घंटा वाजवणाऱ्या घंटाकाकांची बायको सकाळी आठ वाजता माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या पायात चपला नव्हत्या.

"बाई, हे पहाटे गेले. पेटीवाला आगाऊ पैसे मागतोय."

"पेटीचं माझ्याकडे लागलं. तू घरी जा," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

आमच्या चर्चमध्ये मातीचं खातं म्हणून एक वेगळं खातं आहे. ज्याच्या घरात शवपेटीपुरतेही पैसे नसतात, त्याच्यासाठी. चाळीस वर्षांपूर्वी हिशेब माझ्या हाती आला, तेव्हा जुन्या पाळकांनी एकच गोष्ट तीनदा बजावली होती: देणाऱ्यानं ज्या कामासाठी दिलं, त्याच कामाला लावायचं. तेव्हा या खात्याची वही हिरव्या कापडात बांधलेली असे. उपासना संपली की दोघांनी समोरासमोर बसून दानाची थैली मोजायची, खर्चाच्या प्रत्येक व्हाउचरवर दोन सह्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत. आमचे हे हसायचे, "देवाचा तरी माणसांवर विश्वास आहे, तुझा तोही नाही."

हे गेले, धाकटे दीर खजिनदार झाले, आणि दुसरी सही माझीच राहिली. घरातल्या घरात बरं पडतं म्हणून. कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.

दीर चर्चच्या ऑफिसात माइकची वायर गुंडाळत बसले होते.

"भावजी, मातीच्या खात्यातून पेटीचे पैसे काढा. घंटाकाका गेले."

दिरांनी नाक ओढलं. माझ्या लग्नात ते नऊ वर्षांचे होते. तेव्हाही काही फोडलं की असंच नाक ओढायचे.

"वहिनी, तिथं सध्या शिल्लक नाही."

"गेल्या वर्षी होती. चौदा पेट्यांची."

"ते नवे कर्णे बसवले ना! मागच्या बाकांना प्रवचन ऐकू येत नव्हतं. दुरुस्तीत दाखवलंय. भरून काढू हळूहळू."

"मग काकांना सांगून येऊ का, हळूहळू मरा म्हणून?"

"माझ्यावर कशाला डाफरता? सही तुमचीच आहे!"

त्यांनी व्हाउचर पुढे सरकवलं. सही माझीच होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी, काम अडायला नको म्हणून, मी तीन कोऱ्या व्हाउचरांवर सह्या करून दिल्या होत्या. आकडा नंतर दिरांच्या अक्षरात आला होता.

चाळीस वर्षं दुसऱ्यांना रुपयाची पावती मागत आले, आणि स्वतः कोरा कागद देऊन मोकळी झाले! ज्यांनी भाजीतले दोन पैसे वाचवून त्या खात्यात टाकले, त्यांतल्या निम्म्या बायका आता हयातही नाहीत. त्यांना तोंड कुठून दाखवू?

"कर्णे किती?"

"सहा."

"शिडी आणा."

"वहिनी, वेड लागलंय का? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते. तुम्ही चढा."

ते चढले. खाली शिडी मी धरली होती, आणि वर बघून मी जे जे बोलले ते देवाच्या घरात बोलायचं नव्हतं.

दुकानदारानं कर्णे निम्म्याहून कमी भावात परत घेतले. त्यात काकांची पेटी आली, आणखी पाच येतील. आठ बुडाल्या.

चार वाजता काकांना चर्चमध्ये आणलं. भिंतींवर वायरी लोंबत होत्या. पाळकांची प्रार्थना झाल्यावर मी पेटीशेजारी जाऊन उभी राहिले.

"मातीच्या खात्यातले पैसे खजिनदारांनी कर्ण्यांना लावले. कोऱ्या व्हाउचरवर सही मी केली होती."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!"

पहिल्या बाकावर दिरांनी नाक ओढलं.

मी दोन्ही हातांनी पेटीची कड धरली आणि पुन्हा पहिल्यापासून, ओरडून सांगितलं.