पडदा काळा झाल्यावर

अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या त्या छोट्या छापखान्यात काका शिपाई होते. संध्याकाळी मेन स्विच खाली ओढायचं काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एकदा चालू राहिलेल्या पंख्याच्या वायरीनं कागदाचा गठ्ठा पेटवला होता, तेव्हापासून. सगळे बाहेर पडले की काका खोल्यांमधून फिरत, कॉम्प्युटरचा पडदा काळा झालाय ना ते वाकून बघत आणि देवाचं नाव घेऊन खटका ओढत. तान्ह्या बाळाचं पांघरूणही कुणी इतक्या जपणुकीनं सारखं करत नसेल.

आणि तरीही मंगळवारी सकाळी चिमीची फाइल उघडेना. दुसऱ्यांदा.

चिमी ही काकांची नात. सहा वर्षांची. गेल्या वर्षी तापानं तिची नजर नेली, पण पोर खट्याळ ती खट्याळच राहिली. ठिपक्यांची अक्षरं बोटांनी वाचायला शिकली आणि हटून बसली, "सोमवारी शाळेत जाईन, पण माझं स्वतःचं पुस्तक घेऊनच." पुस्तक तरी कसलं? काका तिला झोपवताना रचून सांगत ती लांबलचक गोष्ट. छापखान्यातली टंकलेखनाची ताई भली बाई. दिवसाचं काम आटपलं की शेवटच्या अर्ध्या तासात काका सांगत आणि ती टाइप करी.

"चाळीस पानं गेली, काका," ताईचा आवाज रडवेला झाला. "ऑफिसचं सगळं धड आहे आणि नेमकं हेच!"

काका मटकन स्टुलावर बसले. "माझ्याच नातीच्या वाट्याला का यावं हे? देवाच्या मनात नाही, दुसरं काय!"

"देवाला दुसरे उद्योग नाहीत का हो?" कोपऱ्यातून मास्तर म्हणाले. मास्तर जन्मापासून अंध. छापलेलं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. "काल संध्याकाळी काय काय झालं ते सांगा आधी."

"काय व्हायचंय? ताईंनी बंदचं बटण दाबलं आणि बस चुकेल म्हणून पळाल्या. पडदा काळा झाला. मी खटका ओढला."

"लगेच?"

"लगेच म्हणजे... काळा झाल्यावर. या डोळ्यांनी बघून."

"तिथंच घोटाळा आहे. ताई, बंद कर गं तो."

ताईनं बटण दाबलं. थोड्या वेळानं पडदा काळा झाला.

"झाला की," काका म्हणाले.

"आता कान लावा कॉम्प्युटरच्या डब्याला."

गुडघे सांभाळत काका टेबलाखाली वाकले. आत बारीक घरघर चालली होती आणि मध्येच कट् कट्, कुणीतरी घाईनं लिहीत बसल्यासारखी.

"अरे देवा! हा तर जागाच आहे!"

"रोज असतो. जाता जाता मला ऐकू येतो. मला वाटायचं, तुम्हालाही येतो आणि तुम्ही थांबता."

"हार्ड डिस्क आहे ती," ताई हळूच म्हणाली. "आपण शेवटी लिहिलेलं ती कधीकधी बंद होताना उतरवून घेते. तेवढ्यात वीज गेली, तर..."

रोज शेवटी लिहिलं जायचं ते फक्त चिमीचं. तिघांनाही ते एकदमच उमगलं.

काका आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्याच हातानं. दोनदा."

"आणि बटण दाबून पळत कोण होतं?" ताई म्हणाली. "एवढी शिकलेली मी! दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवायची, तेही सुचलं नाही मला."

"रडगाणं पुरे," मास्तर म्हणाले. "शनिवारी छपाई. काका, गोष्ट आठवतेय ना?"

"आठवतेय म्हणजे? पाठ आहे!"

चार दिवस छापखान्यात ती गोष्ट घुमली. काका सांगत, ताई टाइप करी, मास्तर मध्येच म्हणत, "काका, हा राजा मघाशी मेला होता." काम संपलं की ताई दुसऱ्या डिस्कवर प्रत काढी, फाइल बंद करी, बटण दाबी, आणि कुणी जागचं हलत नसे. काका डब्याला कान लावून, डोळे मिटून, ओठांत नामस्मरण करत बसत.

"काका, मुक्कामच आहे का तिथं?"

"श्श! कुरकुरतंय अजून."

ताईच्या डोळ्यांदेखत बस निघून जाई. घरघर विरे, डब्यावरचा बारका दिवा मावळे, मग काका आणखी थोडं नाम घेत आणि तेव्हा कुठं खटका ओढत. रोज सकाळी फाइल उघडली की तिघंही श्वास सोडत.

रविवारी चिमी पुस्तक मांडीवर घेऊन बसली. पहिल्याच ओळीत तिचं बोट एका शब्दावर अडलं. पुढं गेलं, मागं आलं. काकांच्या ओठांवर तो शब्द येऊन ठेपला होता. त्यांनी तो गिळला. बोट पुन्हा एकदा सावकाश फिरलं.

"सापडला!" चिमी ओरडली आणि पुढचं वाचू लागली.