आधी खरवडावं लागतं

दवाखान्याची लिफ्ट बंद, म्हणजे पुन्हा जिने. आमचे हे पुढे, मी मागे कठडा धरून. पोटावर सुयांचे डाग अजून हिरवे-निळे होते. आज डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकायचं ठरवलं होतं, की बास, आता माझ्याच्यानं होणार नाही. ह्यांना मात्र सांगितलं नव्हतं. सांगितलं की उत्तर ठरलेलं, "अगं, शेवटचं एकदा." शेवटचं तीनदा करून झालं होतं. तिन्ही वेळा माझी बीजं काढून बशीत ह्यांच्या शुक्रजंतूंशेजारी ठेवली, आणि तिन्ही वेळा काही म्हणून झालं नाही.

हे रंगारी आहेत, घरं रंगवतात. नखांच्या कडेला कायम पांढरं. ह्यांची तपासणी दर वेळी झकास, संख्या भरपूर आणि पळतातही जोरात. मग खोट कुणात? माझ्यात! सासूबाईंनी तो निकाल पहिल्याच वर्षी लावून टाकला होता.

ह्या खेपेला डॉक्टरांनी एक वेगळी तपासणी करायला सांगितली होती. लॅबमधल्या बाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्याही माझ्याइतक्याच दमलेल्या दिसत होत्या.

"पळतो म्हणून चिकटतो, असं नसतं," त्या म्हणाल्या. "शुक्रजंतू बाहेर पडतो तेव्हा त्याच्या अंगावर एक लेप असतो. बाईच्या शरीरात काही तास काढले की लेप उतरतो, मग कुठे त्याला बीजाच्या कवचाला धरता येतं. इथे आम्ही उबेत ठेवून तेच करवतो. एका निकामी बीजाचं कवच मधोमध कापलं. एका अर्ध्यावर मुलंबाळं असलेल्या माणसाचे सोडले, दुसऱ्यावर तुमचे. बघा."

आधी मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिल्या अर्ध्यावर गुळाला मुंगळे लागावेत तशी गर्दी. दुसऱ्याभोवती नुसती धावपळ. एखाददुसरा टेकायचा आणि निघून जायचा. अगं बाई, म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं!

हे बराच वेळ वाकून बघत राहिले.

"लेप उतरतच नाही?"

"नाही. का, ते नक्की सांगता येत नाही आम्हाला."

"जुना रंग खरवडला नाही तर नवा धरत नाही," हे स्वतःशीच म्हणाले. "कितीही हात मारा."

मला हसू आलं आणि संतापही आला. इतकी वर्षं चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी मी.

"उपाय आहे," बाई म्हणाल्या. "एक शुक्रजंतू सुईनं थेट बीजातच सोडायचा. मग चिकटायचा प्रश्नच नाही. पण बीजं काढायला तुमच्या मिसेसना पुन्हा सगळी इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"मला टोचून नाही का भागणार?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो."

ह्यांचा चेहरा असा पडला की माझं 'बास' घशातच राहिलं. जिने उतरताना मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "काय निघालं हिचं?"

"हिचं काही नाही," हे बूटही न काढता म्हणाले. "खोट माझ्यात आहे, आई. माझे धरतच नाहीत."

सासूबाई खुर्चीत बसल्या. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. 'चुकलं गं माझं,' एवढंच हवं होतं. जास्त नाही.

"उपाय आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मग कधीपासून घ्यायच्यात तुला सुया?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायलाही अंगात जीव लागतो, तो नव्हता. मी तशीच चपलांच्या स्टुलावर बसले.

"कधीच नाही," हे म्हणाले. "बास झालं. दमलीय ती."

माझाच शब्द, ह्यांच्या तोंडात. मला रडू फुटलं, अगदी लहान पोरीसारखं, सासूबाईंच्या समोर.

"अरे, पण शेवटचं एकदा..."

"शेवटचं तीनदा झालंय, आई," हे म्हणाले, आणि मला पाणी आणायला आत गेले.