विठोबाचं आडनाव

देवाजीबुवांचं आडनाव पाहूनसांगे. मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावात त्याचं कुणाला हसू येत नाही, कारण हकीकत सगळ्यांना पाठ आहे. चांद्यावर गोंड राजांचं राज्य होतं तेव्हा बुवांचे मूळपुरुष दरबारात पोथी सांगत. एकदा ऐन निरूपणात राजानं विचारलं, पंडित, विठोबाचं आडनाव काय? पंडित चपापले. म्हणाले, पाहून सांगतो. ते पाहत राहिले, मग त्यांचा मुलगा पाहत राहिला, आणि लोकांनी घराण्याला तेच नाव ठेवलं.

बुवांच्या वाट्याला तीन पेट्या पोथ्या आल्या आणि तो प्रश्न आला. कीर्तन मात्र असं करायचे, की पूर्वरंगात डोळ्यांना धार लागावी आणि उत्तररंगात हसून पोट दुखावं. मी त्यांच्या एकाही कीर्तनातून मधे उठलेलो नाही.

चौऱ्याऐंशी साली तलाठी गुणवंतराव नवी वही घेऊन आले. देवळापुढची मोकळी जागा, जिथं आमचं कीर्तन उभं राहतं, ती विठोबाच्या नावानं होती. नव्या वहीत आडनावाचा रकाना होता आणि वरचा हुकूम असा, की रकाना कोरा असेल तर जागा बेवारस लिहावी. गुणवंतराव भला माणूस, पण रकान्यापुढे त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी आठ दिवस दिले.

सारं गाव बुवांकडे पाहू लागलं. टाळकरी सोमाजी म्हणाला, "बुवा, सात पिढ्या झाल्या. आता त सांगा."

बुवांनी आठ दिवस पेट्या उपसल्या. देवाची हजार नावं निघाली, आडनाव एक नाही. कुणी म्हणालं, यादव लिहा. बुवा म्हणाले, ते कूळ झालं, आडनाव नाई. त्यांच्या बायकोनं, सीताबाईनं, देवाच्या सासऱ्याकडे चौकशी करायला सुचवलं. तिथंही पोथी गप्प.

नवव्या दिवशी गुणवंतराव देवळाच्या पायरीवर वही उघडून बसले.

"नाव?"

"विठोबा."

"आडनाव?"

बुवा म्हणाले, "पाहून सांगतो जी."

गुणवंतरावांनी सुवाच्य अक्षरात पाहूनसांगे असं लिहिलं आणि शिक्का मारला.

बुवा कळवळून सांगू लागले, की हे उत्तर नाही, ही तर माझी अडचण आहे. गुणवंतराव म्हणाले, खाडाखोड केली तर पान बाद होतं, पानाबरोबर जागाही जाते. सोमाजी म्हणाला, "म्हंजे देव तुमच्या घरातलाच निंगाला, आन् तुमी पोथीत पाहून राह्यले."

तेवढ्यात गुणवंतरावांना आणखी एक रकाना दिसला. एका गावात एका आडनावाची दोन माणसं असली तर नातं लिहावं लागतं. मोठा भाऊ की लहान?

बुवांनी हात जोडले. "मोठाच जी."

देवाची रोजची पूजा करणारी सीताबाई आता पुढं आली. थोरल्या दिराला आमच्याकडे भासरा म्हणतात आणि त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत.

"मोठा लिवाल त माया भासरा होते तो," ती म्हणाली. "भासऱ्याले रोज आंघोळ घालू काय मी? लहाना लिवा."

गुणवंतरावांनी पेन उचललं. धाकटा भाऊ अशी नोंद झाली, शिक्का बसला, जागा वाचली.

त्या वर्षी सप्ताहाच्या काल्याला पंगत बसली. देवाला नैवेद्य नेण्याआधी पहिलं ताट कुणाचं, यावर घोळ झाला. सोमाजीनं वहीतल्या नोंदीचा दाखला दिला आणि थोरल्या भावाचा मान म्हणून ताट बुवांपुढे आणून ठेवलं. बुवांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं. ताटातली डाळ निवत चालली.

मग ते उठले, ताट घेऊन गाभाऱ्यात गेले आणि देवापुढे ठेवलं.

"जेव बापा आधी," ते म्हणाले. "घरातल्या लहान्याले उपाशी ठेवत नाई."