आण्णांच्या फियाटमधली टकटक

रविवारी सकाळी साडेआठला कसबा बावड्यातल्या आमच्या बोळात तीसेक माणसं एका मोटारीसमोर हात जोडून उभी होती. मोटार आमचीच, माझ्या वडिलांची, आण्णांची, जुनी फियाट. चार चाकांखाली चार लिंबं, वायपरला बिब्बे, बॉनेटवर हळदकुंकू. इंजिन चालू होतं आणि त्यातून आण्णा बोलत होते. टक, टक, टक.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बुवाबाजीविरुद्धच्या पुस्तकांना वेगळं कपाट मिळावं म्हणून प्राचार्यांशी भांडलेली. तरी त्या तिसांत मी होते, आणि पहिल्या रांगेत होते.

आण्णा कागलच्या एमआयडीसीत फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी फियाटचं इंजिन स्वतः उतरवून, पुरतं खोलून पुन्हा बांधलं. साखर कारखान्यापर्यंत एक चक्कर मारून आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हृदयविकाराने गेले. तेराव्यानंतर मी किल्ली फिरवली, तेव्हा ही टकटक ऐकू आली. सिग्नलला थांबले की आण्णा अंगठीने स्टिअरिंगवर असंच वाजवायचे. ॲक्सिलरेटर दाबला की टकटक भरभर होई. आण्णाही घाईत असले की भरभर वाजवायचे. एवढा पुरावा मला पुरला.

शेजारचे कृष्णातदादा म्हणाले, मेकॅनिकला दाखवा. मी त्यांच्यावरच चिडले. आण्णांनी बांधलेल्या इंजिनात दोष? आमच्या घरात ते शक्य नव्हतं. त्यापेक्षा भूत शक्य होतं.

मग आईने मलकापूरकडच्या केरबा महाराजांना बोलावलं. गुरुवारी सकाळी त्यांनी ऊद जाळला, गाडी चालूच ठेवायला सांगितली आणि मंत्र म्हणत राहिले. टकटक मंदावली, थांबली. आई रडली. मीही. शुक्रवारी सकाळी टकटक पुन्हा हजर.

"जीव लोखंडात अडकलाय," महाराजांनी निदान केलं. "गाडी आमच्या मठात पोचली की सुटंल."

लोखंडात अडकलेल्या जिवाला सुटण्यासाठी मलकापूरपर्यंत का जावं लागतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. आई लगेच तयार झाली. आण्णा सुटणार असतील तर गाडीचं काय घेऊन बसायचं? म्हणून रविवारी महाराज ड्रायव्हर घेऊनच आले होते. आण्णांच्या हातचं शेवटचं काम आमच्या दारातून जाणार होतं आणि मी हात जोडून उभी होते.

तेवढ्यात शबनम आली. आण्णांचे कारखान्यातले सोबती बाबालालचाचा, त्यांची ही मुलगी. आयटीआयत मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवते. आम्हाला भेटायला म्हणून आली होती. तिने थोडा वेळ आवाज ऐकला, खांद्यावरची पिशवी माझ्याकडे दिली आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर जाड फडकं दाबलं. टकटक दुप्पट जोरात येऊ लागली. माणसं मागे सरली.

"आत्मा खवळला," महाराज म्हणाले.

"खवळू दे की. म्हाराज, आज मंत्र म्हणू नका. नुस्ती गाडी चालू ठिवूया," शबनम म्हणाली.

महाराजांनी परोपरीने सांगितलं की मंत्राविना मोकळा सोडलेला जीव कुणाच्याही अंगात शिरतो. बोळातल्या झुंबरबाई दोन पावलं मागे गेल्या, पण घरी कुणीच गेलं नाही. आठ मिनिटांनी टकटक थांबली.

"मनातल्या मनात म्हणत हुतो मी," महाराज म्हणाले.

"मग मठात बसूनच म्हणा की मनात," कृष्णातदादा म्हणाले. "गाडी कशाला न्ह्याय पायजे?"

शबनमने बॉनेट उघडलं. जळका धूर इंजिनातून ज्या लोखंडी नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, जातो, तिच्या सांध्यावर काजळीचा पट्टा उमटला होता. सांधा सैल होता. इंजिन गार असताना दर ठोक्याला थोडा धूर त्या फटीतून निसटायचा, तीच टकटक. मागचं तोंड दाबलं की जास्त निसटायचा. इंजिन तापलं की लोखंड फुगून फट बुजायची आणि आवाज बंद. मंत्र तेवढा वेळ पुरवला की झालं. गाडी चालू ठेवायची अट महाराजांनी उगीच घातली नव्हती.

"पण आण्णांचं काम सैल कसं राहील?" मी विचारलं.

"नवा सांधा पयल्यांदा तापला की बसतो, ताई. मग नट परत आवळाय लागत्यात. आण्णांस्नी ठावं न्हवतं व्हय? लिवून ठेवलं असंल बघा."

लिहून ठेवलं होतं, त्यांच्या कामाच्या वहीत. ती वही महिनाभर माझ्या उशाशीच होती. मी ती त्यांच्या अक्षरासाठी वाचत होते. शेवटची ओळ अशी: 'एक चक्कर झाली. उद्या गार इंजिनावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळणे.' त्यातल्या 'उद्या'वर मी कितीदा रडले होते. त्याच्या पुढचे शब्द वाचलेच नव्हते.

इंजिन गार व्हायला दुपार झाली. तोवर महाराजांना दुसरीकडचं तातडीचं बोलावणं आलं. शबनमने पाना माझ्या हातात दिला आणि एकेक नट दाखवत गेली. नट खरंच फिरले, जवळजवळ अर्धा आटा. मग आईने गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन गार होतं, तरी टकटक नव्हती. आई बराच वेळ ऐकत राहिली.

"ह्यांचा जीव कुठं अडकला न्हवता म्हण की," ती म्हणाली.

"नव्हता, आई."

आपल्या माणसाचं काम तपासून बघणं हा त्याचा अपमान नव्हे. आण्णा स्वतःच तपासणार होते. चुकीला जागा ठेवून काम करणारा तो माणूस, त्याला मी देव करून बसले होते. आवाज आला तर आधी बॉनेट उघडावं. दुःखात डोकं चालत नाही हे खरं. अशा दिवसांत, ज्याला ते काम येतं अशा कुणाला तरी विचारावं, आणि तोवर किल्ली कुणाच्या हातात देऊ नये.