जास्तीचं वाक्य

दुफीनं पुन्हा बटण दाबलं. पंखा घुं घुं करू लागला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, त्याखाली ठिपके गोल गोल फिरले आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळानं तेच सगळं पहिल्यापासून. सकाळी टायपिंगचं दुकान उघडल्यापासून हाच खेळ चालला होता.

बाकावर बसलेली जॉर्जिना म्हणाली, "मेलं की काय हेही?"

"मेलं नाहीये, मामे. अडलंय." वडीलधाऱ्या बाईला तिथं मामे म्हणत.

"माझ्या नवऱ्याचं डॉक्टरही हेच सांगत होता."

 दुफी खाली वाकून उगाचच वायरी दाबून बघू लागली. जॉर्जिना काळ्या कपड्यांत, पायातल्या चपला काढून, पंख्याखाली ऐसपैस बसली होती. उद्या शनिवार, तिच्या नवऱ्याची, आम्पोफो मास्तरांची माती. सगळ्या कुमासी शहरात मयताची पुस्तिका छापल्याशिवाय माती होत नाही. वर फोटो, आत भजनं, मग चरित्र, मग बायकोची शोकांजली, मुलांची, शाळेची. छापखानेवाल्यानं दुपारपर्यंतची मुदत दिली होती आणि पुस्तिका अडकली होती त्या काळ्या पडद्यामागं.

खरं तर शोकांजली ही दुफीच्या दुकानात अर्ध्या तासाची गोष्ट. नवऱ्यासाठी, बायकोसाठी, सासूसाठी, चर्चमधल्या वडीलधाऱ्यांसाठी असे तयार मजकूर तिच्याकडे होते. नाव बदलायचं, गाव बदलायचं, झालं. एकदा घाईत नाव बदलायचं राहिलं आणि भर मांडवात एका बाईनं भलत्याच माणसाला हंबरडा फोडून निरोप दिला. त्या घरचे लोक अजून दुफीच्या दारावरून जाताना तोंड फिरवतात. पण जॉर्जिनाला तयार मजकूर नको होता. काल गुरुवारी तिनं दुपारभर बाकावर बसून एकेक वाक्य सांगितलं होतं, आणि दुफीनं ते टाइप केलं होतं.

कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं की दुफीला ते ऐकणं किती जड गेलं. आम्पोफो मास्तर वर्षानुवर्षं प्रत्येक सत्राच्या शेवटी तिच्याकडे प्रश्नपत्रिका टाइप करायला येत. प्रश्न फुटू नयेत म्हणून कागद तिच्या हाती न देता स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसत, हळू आवाजात वाचून दाखवत. येताना कोपऱ्यावरच्या बाईकडून भाजलेली केळी आणि शेंगदाणे आणत, आणि टाइप झाल्यावर दोघं ते खात. बस, एवढंच. कधी हाताला हात लागला नाही. मास्तरांच्या मनात काही होतं का, हे विचारायची सोय आता राहिली नव्हती. दुफीच्या मनात होतं. लग्नाची दोन स्थळं तिनं याच बाकावर बसवून परत पाठवली होती आणि कारण कुणाला सांगितलं नव्हतं.

तर काल जॉर्जिना सांगत होती आणि दुफी टाइप करत होती. मास्तरांना भजन सुरात म्हणता येत नसे, पण न्हाणीघरात ते म्हटल्याशिवाय राहवत नसे. भांडण झालं की ते जॉर्जिनाला "हेडमास्तरीणबाई" म्हणत. इथपर्यंत दुफीनं सहन केलं. मग जॉर्जिना म्हणाली, "लिही. हार्मटनचा कोरडा वारा सुटला की माझ्या टाचा फुटायच्या. रोज रात्री हा माणूस माझे पाय मांडीवर घेऊन टाचांना शियाच्या बियांचं लोणी लावायचा. म्हणायचा, माझ्या घरी फुटलेलं काही नको."

दुफीनं ते टाइप केलं. हार्मटनमध्ये तिच्याही टाचा फुटतात. मत्सरानं तिचं अंग नुसतं पेटलं. ही बाई एवढी पोत्यासारखी, पाव शतक संसार केलेली, आणि हिच्या टाचा कुणी मांडीवर घ्यायचं, आणि आपण मात्र कुठं स्वल्पविराम चुकला ते बघायचं! जाताजाता जॉर्जिनानं वर आणखी सांगितलं, "तो तुझं नाव नेहमी काढायचा हं. म्हणायचा, दुफीच्या हातून चूक होत नाही."

मिळून मिळून आपल्याला मिळालं ते हे, असं दुफीला वाटलं. संध्याकाळी तिनं फाइल जपून ठेवली आणि कॉम्प्युटर बंद करायला घेतला. पडद्यावर आलं, अपडेट चालू आहे, बंद करू नका. ती एरवी थांबली असती. पण गल्लीतल्या सगळ्यांसारखी तिलाही सवय होती, घरी जाताना भिंतीवरचं बटण खट्कन पाडायचं, नाही तर आगाऊ पैसे भरलेल्या मीटरमधली वीज उगाच जळत राहते. तिनं तेच केलं. सवयीनं केलं की रागानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आता त्याची फळं समोर होती.

तिनं मागची पेनड्राइव्ह काढून पाहिली. डबा उघडून रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासून पुन्हा बसवल्या. धूळ फुंकली. उपयोग शून्य. शेवटी तिला आठवलं तसं तिनं केलं: ठिपके फिरत असतानाच बटण दाबून धरायचं, मशीन बंद पाडायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा पाडायचं. असं तीनदा केल्यावर मशीन हार मानतं आणि निळा पडदा दाखवतं, त्यावर दुरुस्तीचे मार्ग असतात.

निळा पडदा आला. जॉर्जिना पुढं झुकली. "आलं का?"

"थांबा जरा."

पडद्यावर दोन वाटा होत्या. एक, कालचं अपडेट काढून टाका. दुसरी, सगळं पुसून मशीन नव्यासारखं करा. जॉर्जिनाला त्यातलं काही कळत नव्हतं. दुफीचं बोट दुसऱ्या वाटेवर थांबलं. पुसून टाकलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता, मशीनच बिघडलं म्हणाले असते. उद्या मांडवात तयार मजकूर वाचला गेला असता, आणि त्या टाचा, ते लोणी, ती मांडी गावाला कधी कळलीच नसती. दुफीला हे हवंसं वाटलं. अगदी मनापासून हवंसं वाटलं. पण त्याच मशीनमध्ये मास्तरांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका होत्या, आणि त्यांच्याखेरीज तिच्यापाशी मास्तरांचं दुसरं काही नव्हतं. तिनं पहिली वाट निवडली.

मशीन बराच वेळ कुरकुरत राहिलं आणि मग एकदाचं उघडलं. प्रश्नपत्रिका होत्या. भजनं होती, चरित्र होतं. कालची फाइलही जागेवर होती. तिनं ती उघडली. आत काहीच नव्हतं, पांढरं पान. भिंतीवरचं बटण पाडलं त्या क्षणी ती अर्धवट लिहिली गेली असणार.

दुफीनं जॉर्जिनाला सांगितलं, आणि चूक माझीच, हेही सांगितलं.

 चपला पायात सरकवत जॉर्जिना म्हणाली, "मला पुन्हा नाही सांगता यायचं, दुफी. कालच सगळा दम गेला. तुझ्याकडचं तयार असतं ना, तेच घाल. मेलेल्या माणसाला काय कळतंय?"

मनात आलं होतं तसंच आपसूक घडत होतं. दुफीनं नुसतं "बरं" म्हणायचं होतं.

"बसा," ती म्हणाली. "सगळं लक्षात आहे माझ्या."

"एवढं सगळं?"

"एवढं सगळं."

आणि होतंच लक्षात. जॉर्जिनाला काल जेवढं आठवलं नसेल तेवढं दुफीला आज आठवत होतं, कारण रात्रभर ती तेच घोळवत बसली होती. न्हाणीघरातलं भजन, हेडमास्तरीणबाई, टाचा, लोणी, फुटलेलं काही नको. बोटं थांबली नाहीत. शेवटी पोचल्यावर ती थांबली, आणि मग आणखी एक वाक्य तिनं टाइप केलं. का केलं, देव जाणे. बहुधा इतकी दुसऱ्याची वाक्यं लिहिल्यावर एक तरी आपलं असावं असं वाटलं असेल.

जॉर्जिनानं चश्मा लावून पडद्यावरच वाचलं. ओठ हलवत वाचत गेली, मध्ये नाक पुसलं, आणि शेवटाशी अडकली.

"'पेपरातला शेवटचा प्रश्न ते मुद्दाम सोपा काढत, म्हणजे नापास होणारं पोरही हसत बाहेर पडावं.' हे मी नव्हतं सांगितलं."

"नाही."

"मला हे ठाऊकच नव्हतं." तिनं दुफीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. "खरं आहे?"

"खरं आहे, मामे. काढून टाकू?"

जॉर्जिनानं चश्मा उतरवून पदराच्या टोकानं पुसला. तिला काय काय समजलं कोण जाणे. तिच्याही चेहऱ्यावर एक कडू छटा येऊन गेली, आणि ती दुफीला चांगलीच ओळखीची होती.

"राहू दे," ती म्हणाली. "छापायला पाठव."

शनिवारी मांडवाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. जवळचे लोक तांबड्यात, बाकीचे काळ्यात. दुफी काळ्यात, शेवटून दुसऱ्या रांगेत. मास्तरांची थोरली मुलगी आईच्या वतीनं शोकांजली वाचायला उभी राहिली. भजनाशी लोक हसले. टाचांशी बायका रडल्या. दुफी मान खाली घालून वाट पाहत होती.

मुलीनं शेवटचं वाक्य वाचलं आणि मागच्या बाजूला उभी असलेली मास्तरांची जुनी पोरं, आता चांगली दाढीमिशा आलेली, एकमेकांकडे बघून मोठ्यानं हसली, आणि लगेच रडू लागली. शाळेतलं कुणीतरी टाळ्या वाजवू लागलं. मग सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. पुढच्या रांगेत जॉर्जिना हात जोडून उठली आणि लोकांकडे वळून तिनं मान लववली.

दुफीच्या शेजारची बाई डोळे टिपत म्हणाली, "बघा, याला म्हणतात बायको. नवऱ्याच्या पेपरातलासुद्धा प्रश्न ठाऊक."

"हो ना," दुफी म्हणाली, आणि तीही टाळ्या वाजवू लागली.