सव्वीस घंट्या

तात्याबानं मेंढीच्या गळ्यातली पितळी घंटी मुठीत धरली, लोकरीचा बोळा अंगठ्यानं आत दाबला आणि घंटी हलवून कान दिला. आवाज आला नाही.

"ही मुकी झाली. फुडची आण."

वल्लरीनं पुढची मेंढी मागच्या पायाला धरून ओढत आणली. पहिल्या रविवारी तिनं मेंढीला कानाला धरलं होतं आणि तात्याबानं तिला शिव्या घातल्या होत्या. आता तिसरा रविवार. सांगलीच्या पोरीला एवढं तरी आलं होतं.

"आबा, बाकीच्यांच्या कळपात दोन-चार घंट्या असतात. तुमच्या सव्वीस."

"म्हसवडच्या जत्रंतनं आणतो. दरसाल चार-पाच. हौस."

"हौस?"

"माझा पोरगा बिरदेव बी असाच इचारतोय. एवढ्या कशाला, बँडपार्टी काढायची हाय का म्हणून. तू काय त्याची भन हायस का?"

वल्लरी हसली. टेपरेकॉर्डर बाभळीखाली होता आणि त्याचे सहा सेल उन्हात खडकावर मांडले होते, तापले की अजून अर्धा तास ओढतील म्हणून. टेप भजनी मंडळाचा. कॅसेट आईच्या आरत्यांची, भोकांवर चिकटपट्टी लावून पुन्हा भरण्याजोगी केलेली. माइकला लांब वायर तिनं स्वतः डाग देऊन जोडली होती आणि तो उसाच्या कांड्याला बांधून रुळाजवळ रोवला होता. पहिल्या रविवारी कॅसेटमध्ये नुसता वारा भरला. तेव्हा ओळख ना पाळख, हा म्हातारा उठून आला आणि माइकला लोकर गुंडाळून वर घोंगडीचा तुकडा बांधून गेला. दुसऱ्या रविवारी वारा गेला, पण गाडीच्या आवाजावर सगळ्या घंट्या वाजल्या.

कॉलेजात तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता: संगणकावर आगगाडी चालवायची. पडद्यावर रूळ सरकणार, लाकडी दांडा ओढला की वेग वाढणार, आणि इंजिन चढाला लागलं की धापा टाकणार. सत्त्याण्णव सालच्या त्या कॉलेजात संगणकाची खोली म्हणजे देऊळ होतं. चपला बाहेर, पडदे ओढलेले, आणि पुजाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तिथले सर म्हणाले, आवाज परदेशी सीडीवरून घे. ती म्हणाली, मिरजेहून सुटणाऱ्या आपल्या बारक्या गाडीला परदेशी घसा लावायचा नाही. सरांना उलट बोललेलं सोसत नसे. मग शुक्रवारपर्यंत आण, म्हणाले, नाहीतर प्रकल्पच घेत नाही. वर्ष गेलं तर तुझं जाईल.

ढालगावच्या अलीकडे या खिंडीत दोन्ही बाजूंनी चढ होता. इंजिनाचा खरा दम इथंच ऐकू यायचा. दुपारी एक गाडी, आणि परतीची सहाला. पण साडेपाचला ढालगावातून शेवटची एस.टी. सुटायची, म्हणून वल्लरीला एकच गाडी.

"म्हंजे गाडी खोटी," तात्याबा पहिल्या रविवारी म्हणाला होता, "आणि आवाज तेवढा खरा."

"हो."

"आवाज खरा आसला की झालं. बाकीचं काय लागतंय."

तेव्हा तिला ते नुसतं गोड वाटलं होतं.

सव्विसावी घंटी गप्प झाली. माळावर एकदम काहीच उरलं नाही. तात्याबा जिथं होता तिथंच उभा राहिला, काठी दोन्ही हातांनी धरून.

"आबा, सावलीला या की."

"न्हाई. हितंच बरा."

खालून भोंगा आला. वल्लरीनं सेल घातले आणि दोन बटणं एकदम दाबली.

"दोन खटके," तात्याबा पुटपुटला. "भराय लागलं." एक खटका वाजला की टेप ऐकवतो आणि दोन वाजले की भरून घेतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ऐकूनच ओळखलं होतं.

इंजिन खिंडीत शिरलं. काय आवाज होता. खोकत, थांबल्यासारखं करत, परत जोर लावत, म्हाताऱ्यानं पोतं पाठीवर घेऊन जिना चढावा तसं ते वर येत होतं. वल्लरीनं श्वाससुद्धा धरून ठेवला. हाच, हाच आवाज हवा होता.

तेवढ्यात कळपातलं पांढरं कोकरू उड्या मारत रुळाच्या खडीवर चढलं. तात्याबाच्या समोरून, पाच पावलांवरून. त्याचं तोंड कोकराकडेच होतं. डोळे उघडे होते. तो मंद हसत इंजिन ऐकत होता.

वल्लरी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग पळाली.

"आबा, कोकरू. तुमच्या समोर. समोरच आहे, आबा!"

तात्याबानं काठी टाकून दोन्ही हात पुढे केले, भलतीकडेच. वल्लरीनं कोकराचा मागचा पाय धरला आणि त्याच्यासकट खडीवरून खाली घसरली. गाडी डोक्यावरून गेल्यासारखी गेली.

मग सगळं शांत झालं. तिनं टेप बंद केला आणि कोकरू तात्याबाच्या हातात दिलं. त्यानं त्याचे चारही पाय चाचपले.

"माझ्या फुडंच व्हतं?"

"हो."

"ह्याला अजून घंटी न्हाई," तो म्हणाला.

मग तो घंट्यांतली लोकर उपसायला लागला. एकेक घंटी वाजायला लागली तसा तो ओठांत मोजत होता.

वीसेक झाल्या असतील, तेव्हा फटफटीवरून बिरदेव आला. कडेगावला उसाच्या ट्रॅक्टरवर होता तो. दर पंधरवड्याला बापाला बघायला यायचा. बापाला लांबूनच हाक मारून तो वल्लरीकडे आला आणि आवाज खाली आणला.

"ताई, तीन ऐतवार येताय म्हणं तुमी. एक इचारू? आबाला दिसत न्हाई, आसं लोक म्हणत्यात. त्यो कबूल हुईत न्हाई. खरं आसलं तर मी उद्याच कळप इकणार. रुळाच्या कडंला हाय सगळं. मला तिकडं झोप लागत न्हाई."

"मी आपली टेपकडं बघत असते, दादा."

"गावला का आवाज?" बिरदेव उकिडवा बसला. "ऐकवा की."

त्या कॅसेटमध्ये गाडी होती, आणि गाडीवर तिची ओरड होती. तात्याबा घंटी हातात धरून तसाच थांबला होता. वल्लरीनं कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे घेतली. बिरदेवचं बोट बटणाकडे गेलं. तिनं त्याच्या आधी दाबलं.

दोन खटके वाजले.

बिरदेवनं टेप उचलून कानाला लावला. "फिरतंय तर. आवाज का न्हाई?"

"भरलंच नसेल. वायर सुटली असेल."

चकत्या फिरत होत्या. तिकडे खिंडीतलं इंजिन वितावितानं पुसलं जात होतं. वल्लरी ओढणीनं गुडघ्याचं रक्त टिपत बसली.

"बिरदेवा," तात्याबानं हाक मारली. "एवढ्यात जाऊ नगंस. सहाची गाडी हाय अजून. ही पोरगी थांबंल. मागनं तू हिला कवठ्याला स्टँडवर सोड, तितनं रातीची येष्टी गावंल."

"सोडतो की. पर माझं काय काम हितं?"

"घंट्या परत बंद करायच्या हायत्या. तवर मेंढरास्नी रुळापासनं तू राख." तात्याबानं हातातली घंटी सोडली. ती वाजली. "घंट्या मुक्या झाल्या की मला कुणीच गावत न्हाई."

बिरदेवनं फटफटीची चावी काढून खिशात टाकली, बापाजवळ जाऊन बसला आणि लोकरीचा बोळा मागायला हात पुढे केला. तात्याबानं तो दिला, पण हाताच्या जरा डावीकडं. बिरदेवनं हात सरकवून घेतला.

"ह्या किती हायत्या, आबा?"

"सव्वीस."

बिरदेवनं जवळची मेंढी ओढली आणि तिची घंटी मुठीत धरली. एवढ्या कशाला, असं या वेळी त्यानं विचारलं नाही.

बाभळीखाली टेप अजून फिरतच होता. वल्लरीनं तो बंद केला आणि सेल पुन्हा उन्हात मांडले.