फ्लॉसी आंटीचे दीड इंच

छायाचित्रकार हा काळाचा मालक असतो, असं जॉयलने वसईतल्या आपल्या स्टुडिओच्या काचेवर सोनेरी अक्षरांत लिहून घेतलं होतं. त्या शनिवारी दुपारी काळाचा हा मालक गिरीजला फर्डिनंड सुताराच्या पडवीत उकिडवा बसून स्वतःच्या अंगठ्यातली स्टेपलची पिन उपटत होता.

"रक्त कापडावर सांडू नको," फर्डिनंड म्हणाला. "लोकांना वाटेल, कुणीतरी मनापासून काम केलंय."

जॉयल पाच वर्षांपूर्वी तयार फ्रेमा बाहेरून मागवू लागला, तेव्हापासून फर्डिनंड त्याच्याशी याच सुरात बोलायचा. पण गिऱ्हाइकांना आता काच नको होती, गॅलरी रॅप हवं होतं. फोटो कॅनव्हासवर छापायचा, लाकडी चौकटीवर ताणायचा, कडा बाजूंवरून दुमडून मागे ठोकायच्या. आणि नाताळच्या देखाव्यात गोठ्यामागचं निळं कापडी आकाश चौकटीवर बिनसुरकुतीचं ताणणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, फर्डिनंड.

"आधी मधली पिन, मग समोरच्या बाजूची मधली, मग कोपरे. तू कोपऱ्यापासूनच सुरू केलंस. लग्नातही तू जेवणापासूनच सुरू करतोस म्हणा."

फोटो फ्रेडरिक आणि इनेझच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी काढलेला. उद्या चर्चमधल्या मिस्सानंतर हॉलमध्ये फादर त्यावरचा पडदा काढणार होते. एका रांगेत चौदा माणसं. उजव्या टोकाला फादर, डाव्या टोकाला फ्रेडरिकची बहीण फ्लॉसी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून ती अकरा वर्षं भावाशी बोलत नव्हती. फादरनीच तिला स्कूटरवर मागे बसवून फोटोला आणलं होतं.

फ्रेडरिकने जॉयलला बजावलं होतं, "तिचं एक बोट जरी कापलं गेलं, तर ती म्हणेल मी सांगितलं. मग मी मेलो तरी ती उंबरा चढायची नाही."

फर्डिनंडने डावी कड दुमडून पाहिली आणि थांबला. "ही बाई कुठे चालली?"

दीड इंच जाड चौकटीवर फ्लॉसी आंटी बरोबर नाकापासून वळत होती. एक डोळा समोर, दुसरा बाजूला. पलीकडे फादरची तीच गत.

दुमडायला फोटोच्या कडा वाढवून देऊ का, असं चंदनसारच्या छपाईवाल्याने विचारलं होतं. माझ्या फोटोत काय वाढवायचं ते मला शिकवू नकोस, असं जॉयलने त्याला सुनावलं होतं. आता ते दुकान सोमवारीच उघडणार होतं.

"अंकल, चौकटच जरा मोठी केली तर?"

"लाकूड नाही. असतं तरी तुला दिलं नसतं."

"मग कापड सरकवू. आंटीला पुरती समोर घेऊ."

"घे." फर्डिनंडने कापड ओढून दाखवलं. फ्लॉसी आंटी अख्खी समोर आली, तिच्या पलीकडची बाजू कोरी राहिली. तिकडे फादर अर्धे कडेवर गेले आणि अर्धे चौकटीमागे.

"फादर रागावतील?"

"क्षमा करणं हे फादरचं कामच आहे. फ्लॉसीचं नाही."

जॉयलने चौकट पालथी केली. "ठोका."

"मी? फादरच्या खांद्यात पिन मी नाही मारणार. तू मार. मी साक्षीला उभा राहतो."

जॉयलने नऊ पिना मारल्या. दर पिनेला फर्डिनंड शांतपणे छातीवर क्रूसाची खूण करत होता. सुरकुती मात्र एक आली नाही. फर्डिनंडने टिचकी मारली, कापड ढोलासारखं वाजलं.

"वाईट नाही," तो म्हणाला, आणि तोंडून हे निसटल्याच्या रागात आत निघून गेला.

रविवारी फादरनी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. मग फादर स्वतःला शोधू लागले. समोर तेराच माणसं होती. ते उजव्या बाजूला गेले, तिथे त्यांना आपला अर्धा चेहरा सापडला. उरलेला बघायला ते भिंत आणि चौकटीच्या मधे डोकावले, पिना पाहिल्या, आणि जॉयलकडे वळून अत्यंत ख्रिस्ती हसले. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

फ्रेडरिक फक्त बहिणीकडे बघत होता. फ्लॉसी आंटी चष्मा लावून पुढे आली. तिने स्वतःला केसांपासून चपलांपर्यंत तपासलं. दोन्ही कान पाहिले, दहाही बोटं मोजली. केकची सुरी हातात धरून इनेझ तशीच थांबली.

"अख्खी आलेय," फ्लॉसी म्हणाली.

"मीच सांगितलं होतं तसं," फ्रेडरिक म्हणाला. अकरा वर्षांत बहिणीला उद्देशून त्याचं हे पहिलं वाक्य.

तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. फादरच्या बाजूला गेली, वाकून बराच वेळ ती कड न्याहाळली. मग तिने बोटाने जॉयलला जवळ बोलावलं.

"जॉयल बाबा, याचा दुसरा बनवशील ना, तेव्हा फादरना समोर घे आणि मला कडेला टाक. अर्धी मागे गेले तरी चालेल. तिथून फ्रेडरिकचं तोंड दिसत नाही."